वहिनींचे मिस्टर

माझी बायको नगरपरिषदेत निवडून आली त्या दिवशी गुलाल माझ्या अंगावर पडला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, बँडवाल्यांनी माझ्यासमोर वाजवलं, आणि एरवी माझ्या नमस्काराला मानही न हलवणाऱ्यांनी बाजार चौकात मला मिठ्या मारल्या. ती मागे जीपमध्ये डोक्यावर पदर घेऊन बसली होती. कुणीतरी तिच्या गळ्यात हार घातला, तर तिने तो काढून ड्रायव्हरशेजारी ठेवला, कारण त्यात मुंग्या होत्या. घरी येऊन मी आंघोळ केली, तरी कानामागचा गुलाल दोन दिवस राहिला. मी तो मुद्दाम राहू दिला.

उमेदवार ती होती, पण निवडून मीच आलो होतो. सगळं गाव तसंच समजत होतं आणि मीही.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. हायवेच्या अलीकडे जुनी वस्ती, आणि पलीकडे जिथे कपाशी-ज्वारी उभी असायची तिथे आता ले-आऊट. शाळेतले मास्तर, एस.टी.तले, बँकेतले, पोरांच्या शिक्षणासाठी खेड्यावरून आलेले शेतकरी, सगळ्यांनी इथे प्लॉट घेऊन घरं बांधली. हद्दवाढ झाली आणि आम्ही नगरपरिषदेत आलो. घरपट्टी लगेच आली, पाणी आणि नाल्या यायच्या राहिल्या. माझं हार्डवेअरचं दुकान या वस्तीच्या तोंडाशीच आहे. सिमेंट, पाइप, नळाच्या तोट्या. घर बांधणारा प्रत्येक माणूस माझ्या बाकावर बसून गेलेला आहे.

नगरसेवक व्हायचं माझ्या डोक्यात फार आधीपासून होतं. त्यासाठी मी कोणाची मयत चुकवली नाही, तेरवी चुकवली नाही, बारशाला पाळण्याची दोरी तेवढी ओढायची बाकी ठेवली. पक्षाच्या सभांना सतरंज्या घातल्या आणि गोळाही केल्या. शेवटी तिकीट हातात यायची वेळ आली आणि आरक्षणाची सोडत निघाली. आमच्या प्रभागाला दोन जागा. एक गेली महिलांना आणि दुसरी माझ्या जातीला न लागणाऱ्या प्रवर्गाला. मी सोडतीच्या सभागृहातून बाहेर आलो तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं होतं. पक्षाचे तालुकाध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काऊन तोंड पाडता? वहिनीले उभं करा. नाव तिचं, काम तुमचं.”

हे मला एकदम पटलं. घरी येऊन मी तिला सांगितलं. ती तूर निवडत होती. तिचं माहेर वडनेर भोलजीचं. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच आहे. ती म्हणाली, “मले काय करा लागीन?” मी म्हणालो, “काही नाही. सही करायची आणि फोटोत उभं राहायचं.” ती म्हणाली, “मंग ठीक हाय,” आणि पुन्हा तूर निवडू लागली.

पहिल्या सभेला मी तिच्यासोबत गेलो. इतर बायकांचे नवरेही आले होते. आम्ही सगळे आपापल्या बायकोशेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसलो. मुख्याधिकारी नव्या होत्या, तरुण होत्या. त्यांनी माइकवरून सांगितलं की सन्माननीय सदस्यांव्यतिरिक्त सर्वांनी बाहेर बसावं. आम्ही नवरे एकमेकांकडे पाहत राहिलो, कुणी उठेना. तेव्हा त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहून विचारलं, “आपण कोण?” मी म्हणालो, “मी यांचा मिस्टर.” सभागृह हसलं. मी उठलो आणि माझ्यामागून बाकीचे उठले. व्हरांड्यात चहा पिताना प्रत्येक जण सांगत होता की आपल्याशिवाय आपल्या बायकोचं आत काही खरं नाही. मीही तेच सांगितलं. मनातून मात्र मला एक गोष्ट लागली होती. मी उठलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ती समोरची विषयपत्रिका वाचत होती.

तिथूनच ते सुरू झालं. आधी तिचा म्हणून जो फोन नंबर लोकांना दिला होता तो माझाच होता. फोन वाजला की मी घसा साफ करून “बोला” म्हणायचो. पलीकडून बाई असली तर लगेच, “वहिनी हायेत का?” काही दिवसांनी पुरुषही तेच विचारू लागले. मी म्हणायचो, “मला सांगा ना.” ते म्हणायचे, “नाई भाऊ, तुमाले कायले तरास.” मला त्रास हवाच होता, पण तो कोणी देईना.

नालीत म्हैस अडकली, वहिनी. खांबावरचा दिवा गेला, वहिनी. लग्नपत्रिका येऊ लागल्या त्यांवर निमंत्रितांत तिचं नाव वर, माझं खाली, कधी कधी नाहीच. शुभेच्छांच्या बॅनरवर सुरुवातीला आम्हा दोघांचे फोटो सारखे असत. मग माझा लहान झाला. एका दिवाळीला मी बॅनरखाली उभा राहून बराच वेळ स्वतःला शोधत होतो. बॅनर लावणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “डिझाइनमंदी बसत नव्हतं भाऊ.”

मला हेवा वाटायचा. दुसऱ्याच्या बायकोचा, शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा माणसाला वाटतो हे मला माहीत होतं. स्वतःच्या ताटात वाढणाऱ्या बाईचा हेवा वाटतो हे कोणाला सांगायचं? ती सभेहून येऊन पदर खोचून भाकरी टाकायची. एखाद्या दिवशी भाजी तरी करपावी, म्हणजे मला “घराकडे लक्ष नाही तुझं” म्हणता येईल, याची मी वाट पाहत असे. भाजी करपत नव्हती.

मग ओपन स्पेसचं प्रकरण झालं. प्रत्येक ले-आऊटमध्ये एक मोकळी जागा सोडावी लागते, तिला आमच्याकडे सगळे ओपन स्पेसच म्हणतात. आमच्या कॉलनीची ती जागा चांगली मोठी, उंचावर. तिथे सभागृह बांधायचं असं मी कॉलनीतल्या मंडळींना केव्हाच कबूल केलं होतं. लग्न, साखरपुडे, भागवत सप्ताह, सगळं तिथेच होईल. कोनशिलेवर तिचं नाव येणार हे उघड होतं. पण खाली ‘यांच्या प्रयत्नांतून’ म्हणून माझं नाव घालायचं मी ठरवून टाकलं होतं. दगड कोणता घ्यायचा तेही पाहून ठेवलं होतं. मला तेवढंच हवं होतं. माणसं म्हणतील की हे याने केलं, आणि मी मेल्यावरही तो दगड तिथे राहील.

सभेच्या दिवशी मी तिला भाषण लिहून दिलं. चांगलं ठळक अक्षरात. मी स्वतः खिडकीपाशी बाहेर उभा राहिलो. विषय निघाला तशी ती उठली, माझा कागद घडी करून पाण्याच्या बाटलीखाली ठेवला आणि म्हणाली, “घरून भाषण लेहून देल्लं हाय, पर ते सभागृहाचं हाय. ते मी वाचत नाई.”

आत सगळे हसले. मी खिडकीपासून बाजूला झालो, पण आवाज येतच होता.

“सभागृह नोको असं नाई. पर लग्न घरात एखांद्या वर्षी निंगते, पाणी रोज लागते. आमच्याकडं जुन्या लाइनीचं पाणी चढतच नाई. बाया मोटरी लावून बसते, तरी हंडा भरत नाई. इंजिनिअर साहेब म्हणते टाकीले उंच जागा नाई. आमची ओपन स्पेस उंच हाय. तिथं टाकी बांधा.”

ठराव एकमताने झाला. विरोधी बाकांवरच्यांनीसुद्धा हात वर केले.

घरी मी तिला सोडलं नाही. म्हणालो, “सगळ्या गावासमोर माझं नाक कापलंस.” ती चपला काढत होती. म्हणाली, “तुमचं नाक तिथं कुठं होतं? तुमी तं बाहेर होते.”

टाकी झाली. वर्ष-दीड वर्ष लागलं, पण झाली. खांब उभे राहत होते तेव्हा रोज दुकानातून ते दिसायचे, आणि बाकावर बसलेली माणसं माझ्याच दुकानात बसून तिचं कौतुक करायची. टाकीत पहिल्यांदा पाणी भरणार होते त्या सकाळी सगळी कॉलनी जमली. मी मागे उभा राहून खालचे जोड पाहत होतो. टाकी गळावी असं मला मनापासून वाटत होतं. आमच्याच स्वयंपाकघरात ते पाणी येणार होतं, तरी वाटत होतं. टाकी गळली नाही. बायकांनी तिला मधे घेतलं, एकीने तिची ओटी भरली, आणि मी “जोड चांगले बसले” असं म्हणून दुकान उघडायला निघून गेलो.

तिची मुदत संपली तेव्हा मला हायसं वाटलं. निवडणुका काही लागल्या नाहीत, लांबतच गेल्या, नगरपरिषदेवर प्रशासक बसले. आता ती माझ्यासारखीच साधी माणूस होती. मला वाटलं, फोन थांबेल. फोन थांबला नाही. पद नाही, शिक्का नाही, तरी लोक तिच्याकडेच. ती त्यांना घेऊन नगरपरिषदेत जायची, आणि जिथे मला तासभर बसवून ठेवायचे तिथे तिला खुर्ची देऊन चहा मागवायचे. पद होतं तोवर मी म्हणत असे की मान खुर्चीला आहे. खुर्ची गेल्यावर म्हणायला काही उरलं नाही.

आणि मग इतक्या वर्षांनी पुन्हा सोडत निघाली. या वेळी आमच्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण निघाली, कुणालाही उभं राहता येईल अशी. दुसरी ना मला लागू, ना तिला. म्हणजे आमच्या घराला जागा एकच. मी सभागृहातूनच शिंप्याकडे गेलो आणि दोन पांढरे शर्ट शिवायला टाकले. घरी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही.

मी कॉलनी फिरायला लागलो. प्रत्येक घरात पाणी मिळालं, चहा मिळाला. “हाव ना भाऊ, मत तुमालेच,” प्रत्येक जण म्हणायचा, आणि पुढच्याच श्वासात, “वहिनीनं काम केलं हाय, इसरतो का आमी?” एका घरात म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुह्या बायकोनं मले मरायच्या आंधी नळ दाखोला. तुले मत देल्लं म्हंजे तिलेच देल्लं.”

तिथून मी घरी चालत आलो, गाडी तिथेच विसरलो. निवडून आलो असतो, यात शंका नव्हती. पण पुन्हा तिच्याच नावावर आलो असतो. मग विचार करता करता मला एक मार्ग सुचला, आणि तो सुचल्यावर बरं वाटलं. मी माघार घ्यायची. सगळ्यांसमक्ष, मोठ्या मनाने, तिच्यासाठी. निदान त्याग तरी माझा राहील. तो कोणी तिच्या खात्यावर घालू शकणार नव्हतं.

संधीही चालून आली. रविवारी कॉलनीतले पाच-सहा जण घरी आले. त्यांच्यात सगळ्यांत वडील, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी होते. गुरुजी जरा अवघडून म्हणाले, “भाऊ, निवडणुकीचं बोलाले आलो होतो. मनाले लावून घेऊ नोका...” मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. उभा राहिलो. म्हणालो की इतकी वर्षं मी या जागेची वाट पाहिली, आज ती समोर आहे, पण कॉलनीचं भलं माझ्या इच्छेपेक्षा मोठं आहे. मी बाजूला होतो. या वेळीही हीच उभी राहील. बोलताना मला ते खरंच वाटत होतं.

सगळे आधी गुरुजींकडे पाहू लागले. मग एकाने टाळी वाजवली, बाकीच्यांनी वाजवली. गुरुजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मोठं मन हाय भाऊ तुमचं.” माझ्या आयुष्यातली ती पहिली टाळी, जी फक्त मला होती.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलं असावं. ट्रे टेबलावर ठेवत ती गुरुजींना म्हणाली, “सांगतलं नाई का आजून?”

गुरुजी खाली पाहू लागले. तीच माझ्याकडे वळून म्हणाली, “मी परवाच फारम भरला. अपक्ष. तुमाले सांगाचंच होतं, पर तुमी कॉलनीत फिरून राह्यले होते. म्हणलं, फिरू द्या.”

ते मला विचारायला आले नव्हते, सांगायला आले होते. कप उचलताना कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं, आणि तेव्हा मला कळलं की समोर बसलेल्या या सगळ्यांच्या त्या फॉर्मवर सह्या आहेत. तिचं नाव सुचवणारे सूचक हेच होते. मी एवढी वर्षं तिकिटासाठी एकेकाच्या दारात उभा राहिलो. तिने पक्षाला विचारलं नाही, मला विचारलं नाही, जाऊन भरून आली आणि आल्यावर कुकर लावला.

सूचक प्रभागातलाच मतदार लागतो, एवढी एकच अट असते. परवा सकाळी मी घरातच होतो, पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती माझ्यासमोरून पर्स घेऊन गेली आणि गुरुजींकडे सही मागायला गेली.