मोठ्याचं नाव

इकराचा मला त्या दिवशी भयंकर राग आला होता. चंद्रपुरात पठाणपुऱ्याला तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मी तिच्याकडे हुक-काजं करते. गिऱ्हाईक नसलं की ती मशीनला टेकून मोबाइलमध्ये कादंबरी लिहायची.

पुढे कधीतरी येणाऱ्या काळातल्या एका शहराची गोष्ट. तिथे एकाचंच राज्य, आणि तो माणसं उचलून नेतो. नेलेल्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. त्या राज्यकर्त्यालाही अख्ख्या पुस्तकात नाव नाही, लोक त्याला 'मोठा' म्हणतात. वाक्यं तोकडी, कुणीतरी ऐकत असावं अशी दबकी. एक बाई दाराआडून म्हणते, 'मोठा फिरून राह्यला.' तिथे मी तिने वाचायला दिलेला मोबाइल आपटलाच.

हे आमच्या घरातलं होतं. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, मोठा म्हणतात. माझ्या बाबांना मोहफुलं वेचताना त्यानेच नेलं. तेव्हापासून आई घरातसुद्धा ते नाव घेत नाही. विश्वासाने मीच हे इकराला सांगितलं होतं आणि बाईसाहेबांनी सरळ उचललं.

"आईले वाचून दाखव," मी म्हणाले. "आई नाई म्हनली तं सारं पुसून टाकाचं."

"पुरी किताब?" इकराचा चेहरा उतरला. दोन वर्षं खपली होती ती त्यावर. तरी म्हणाली, "कबूल."

रविवारी आम्ही गावी गेलो. आई ओसरीत सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत होती. इकरा वाचू लागली. 'मोठा' शब्द आला आणि आईचे हात थांबले. आता सूप फेकून मारते की काय, असं मला वाटलं. प्रकरण संपलं.

इकराने मोबाइल पुढे धरला. "काकू, तुमी म्हना, आत्ताच पुसते."

"तुया पुस्तकातल्या बाया त्याचं नाव काऊन नाई घेत?" आईने विचारलं.

"भेतात, काकू."

"मंग चुकलं तुयं! मी भेऊन नाई घेत. त्यानं माया मानूस नेला. माया तोंडात त्याले जागा नाई."

इकराच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा राग कुठच्या कुठे गेला.

"मंग... ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव. त्याले नाव देऊच नोको. पन ज्याले नेलं, त्याचं लिही. आकडा नाई."

"कोनाचं लिहू?"

आईने पदर डोक्यावर ओढला. आमच्याकडे तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती बाबांना कायम माझ्या नावाने 'दिव्यानीचा बाप' म्हणायची. रेशनच्या दुकानातही नाव सांगायला मला पुढे करायची.

"गुणवंत," आई म्हणाली. मग इकराकडे बघत पुन्हा, जरा मोठ्याने, "गुणवंत."