चाळीस नव्या घंटा

त्या सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं की गोठ्याच्या दारातून समोरचा पाण्याचा हौद दिसेना. आत्यानं करड्या घोडीच्या पाठीवर खोगीर टाकलं, तिच्या पोटाला गुडघा लावला आणि तंग आवळला. घोडी नेहमीसारखी पोट फुगवून उभी. "सोड वारा, सोड. तुझ्या आईनंही हीच लबाडी केली होती माझ्याशी."

एवढ्यात गोठ्यातून आवाज आला. भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडत यावं तसा. आत्या आत धावली. तिचा भाचा, चांगला मिशीवाला, दोन पोरांचा बाप, शेवटच्या गाईच्या गळ्यात चकचकीत घंटा बांधत होता.

"हे काय चाललंय?"

"घंटा. सहलीच्या कंपनीनं दिल्यात. पाहुण्यांना आवाज हवाय म्हणे, व्हिडिओत छान येतो."

"सगळ्यांना?"

"थोरल्या गाईला आपली जुनी आहेच. बाकी चाळीसजणींना नव्या. एक जास्तीची आहे, तुझ्या घोडीला."

"माझ्याच गळ्यात बांध ना, मेल्या!"

तिचा संताप उगाच नव्हता. या घरानं चार पिढ्या गुरं खिंडीपलीकडच्या कुरणात नेली, आणि चार पिढ्या कळपात घंटा एकच. पुढे चालणाऱ्या गाईच्या गळ्यात. आजोबांच्या वेळची, कडेला पोचा आलेली. आता ती थोरलीकडे होती. धुक्यात गाईला डोळे नसतात, कानच असतात. तो एक आवाज धरून बाकीच्या चालतात. आणि घरातलं कर्तं माणूस सगळ्यांत मागे घोड्यावर असतं, कारण मागूनच सगळं दिसतं. वडलांचा गुडघा मोडला तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, ती जागा आत्याची. "बाई शेपटाला!" म्हणून पहिल्या वर्षी लोक हसले. "शेपूट आहे म्हणून माश्या बसत नाहीत तुमच्यावर," असं तिनं सुनावलं होतं.

यंदा भाच्यानं कंपनीशी करार केला. गुरांसोबत सहा पाहुणे घोड्यावरून येणार. कंपनीचा मॅनेजर नव्याकोऱ्या बुटांत अंगणात उभा होता. "आत्याबाई, तुम्ही पुढे राहा. फोटोत अनुभवी चेहरा हवा."

"माझा चेहरा बघून गुरं वाट नाही चालत."

घंटा उतरवायलाच लावायच्या होत्या. पण पाहुणे खोगिरावर चढून बसले होते, भाच्याचं तोंड एवढंसं झालेलं. घरातलं भांडण परक्यांसमोर कशाला, म्हणून तिनं जीभ आवरली. आत्या चुकली ती इथेच, आणि हे ती आजही स्वतःला माफ करत नाही.

खिंडीखाली धुकं दाटलं. घोडीचे कानसुद्धा दिसेनात. चाळीस घंटा चहूकडून किणकिणायला लागल्या आणि थोरलीचा आवाज त्यात बुडाला. पुढच्या गाई थांबल्या, मागच्या त्यांच्यावर चढल्या, काही भलत्याच घंटेमागे दरीच्या अंगाला वळल्या.

"किती गोड!" एक पाहुणी मोबाइल उंचावून म्हणाली.

"खाली उतरा!" आत्या ओरडली. "सगळे! गवत उपटा आणि घंटांत कोंबा!"

"अहो, ते पाहुणे आहेत," मॅनेजर म्हणाला.

"मग? पाहुण्यांना हात नसतात? तुम्हीही उतरा. बूट भिजले तर वाळतील."

भाचा सर्वांत आधी उतरला. ओल्या गवताचे बोळे घेऊन सगळे गाई चाचपडू लागले. ती पाहुणीही मोबाइल खिशात टाकून लागली कामाला, आणि खरं सांगायचं तर बाई चपळ निघाली. एकेक घंटा मुकी होत गेली. मग वरून तो पोचट, ओळखीचा आवाज आला. टोक. टोक. गाईंचे कान वळले. दरीकडच्या चढून वर यायला लागल्या.

आत्यानं मोजल्या. चाळीस. एक कमी.

खाली कुठेतरी एकच घंटा घाबरीघुबरी वाजत होती. गाभण कालवड, पहिल्यांदाच वर निघालेली. ती कड्याखालच्या एका टप्प्यावर अडकली होती. आत्या दोर कमरेला बांधून उतरली. आधी तिनं घंटेचा पट्टाच कापला, मग कालवडीला दुसरा दोर लावला. वरून भाच्यानं आणि दोन घोड्यांनी ओढलं. कालवड वर आली, पण पुढचा गुडघा हाडापर्यंत सोललेला. भाचा खाली बघत उभा राहिला.

दुपारी कुरणावर पोचल्यावर मॅनेजर हात चोळत आला. "काय थरार हो! पाहुणे बेहद्द खूश. पुढच्या खेपेला हा धुक्याचा प्रसंग मुद्दाम ठेवू या."

भाच्याच्या मदतीनं आत्यानं एकेक घंटा उतरवली, पोत्यात भरली, आणि ते पोतं मॅनेजरच्या बुटांपुढे उपडं केलं. कोंबलेल्या गवतासकट.

"मुद्दाम? कालवडीचा गुडघा बघितलात? आवाज हवा असेल त्यांच्या गळ्यात बांधा ह्या. तुमच्यापासून सुरुवात करा."

"आत्या, करार झालाय," भाचा हळूच म्हणाला.

"सही तुझी आहे. गुरं माझी आहेत. निस्तर आता. आणि त्या कालवडीच्या जखमेला कोमट पाणी आण आधी."

भाचा बादली घेऊन निघाला. घोडी मागचा उजवा पाय टेकवत नव्हती. आत्यानं तिच्या मांडीवर थाप मारली, खूर उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि नालेत अडकलेला खडा आकड्यानं खरवडायला लागली.