लागलं तर घे, जमलं तर ठेव

मंदा गेली त्या दुपारी मी फोनवर मावसबहिणीला तिचीच नक्कल करून दाखवत होते. आमच्या सासरी मला 'रेडिओ' म्हणतात. एकदा सुरू झाले की बातम्या संपल्याशिवाय बंद होत नाही. गोष्ट ऐन रंगात आलेली, आणि मध्येच दुसरा फोन टुकटुकायला लागला. पडद्यावर मंदाचंच नाव. म्हटलं, हिला शंभर वर्षं आयुष्य आहे... आणि उचलला, तर आवाज मंदाचा नव्हता. "काकू, मी रेणुका बोलतेय, कॉलेजमधली. मंदाकाकूंना घेऊन दवाखान्यात आलोय. तुम्ही या ना लवकर." वरच्या वर्गातून जिना उतरून मंदा व्हरांड्यात आली, जरा बसली, "पानी दे गं थोडं" म्हणाली, आणि रेणुका बाटली उघडेपर्यंत मान कलली होती. मी पोहोचले तेव्हा डॉक्टरांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मला विचारण्यासारखंही.

मंदा माझी धाकटी जाऊ. दवाखान्यात नर्सबाईंनी तिची पर्स माझ्या हातात दिली. आधार कार्ड हवं होतं, म्हणून आमच्या ह्यांनी ती बाकावर उलटी केली. चष्मा, एसटीचा पास, अर्धा खाल्लेला राजगिऱ्याचा लाडू... आणि गुलाबी वेष्टनातलं एक पॅड. जमलेले सगळे पुरुष एकाच वेळी छताच्या पंख्याकडे बघायला लागले. चुलत नणंदेनं मला कोपरानं ढोसलं, "अगं, हिचं तर दोन वर्षांमागंच थांबलं होतं ना? मग हे कशाला?" मला कशाला ते ठाऊक होतं. आणि मला हसू आलं. तिथेच, त्या बाकापाशी. लोकांना वाटलं, धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं. कोणीतरी मला धरून खाली बसवलं.

ती अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या भातशेतीच्या गावची. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या बेलापूरच्या घरात भाताची भुकेली अशी ही सून आली. पहिली दोन वर्षं आम्ही रीतसर एकमेकींच्या चुका सासूबाईंना दाखवत होतो. मग सासूबाई गेल्या, चुका दाखवायला कोणी उरलं नाही, आणि नाइलाजानं आमची मैत्री झाली. पुढे घराच्या वाटण्या झाल्या. मध्ये भिंत आली, पण मागचं अंगण एकच राहिलं. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, टेम्पो चालवायचा. त्यांचा पोरगा शाळेत असतानाच दीर अपघातात गेला. त्यानंतर मंदा फारशी रडलेली मी पाहिली नाही. एवढंच झालं की, संक्रांतीनंतर माझ्याकडे गल्लीतल्या बायकांचं हळदी-कुंकू असायचं, तेव्हा ती आपली मागच्या दारानं येऊन स्वयंपाकघरात दूध आटवत बसायची. जा, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. ये, असंही कोणी म्हटलं नाही. माझ्यासकट.

आणि रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, ती अंगणातून वाटी घेऊन यायची. "ताई, विरजन द्या वं जरा." रोज! मी म्हणायचे, "मंदे, तुझ्या घरात दही काय मांजर खातं का?" ती म्हणायची, "माज्या हाताला गुन न्हाई, तुमच्या हाताचं लागतं." मग ओट्याला टेकून अर्धा तास गप्पा. हा विरजणाचा किस्सा मी कितीतरी लग्नांत रंगवून सांगितला आहे. माझी मुलगी पुण्याला, मुलगा बंगळूरला, हे साखर कारखान्यात. हंगामात ह्यांचं घरी येणं झोपण्यापुरतं, आणि हंगाम नसेल तेव्हा बोलण्यासारखं काही नसतं. समोरच्या घरात अलीकडे एक शिक्षिका बाई एकट्या राहायला आल्या आहेत, पण त्यांचं दार कायम लोटलेलं, आमचं नातं मान हलवण्यापुरतं. तेव्हा दिवसभरात माझ्या रेडिओला श्रोता म्हणाल तर ती विरजणवाली.

मंदाचा पोरगा चाकणच्या कंपनीत लागला आणि तिनं शेहेचाळिसाव्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं मॅडम आल्या म्हणून उभी राहिली. ही म्हणाली, "बसा, बसा," आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसली. महिन्याभरात ती सगळ्यांची मंदाकाकू झाली. मुली तिला नोट्स द्यायच्या, ती त्यांना शेंगदाण्याची चटणी द्यायची. मला वाटायचं, हौस आहे, फिटेल.

रेणुका तिच्या वर्गातली. पाथर्डीकडची, कॉलेजच्याच वसतिगृहात राहणारी. आई-वडील ऊसतोडीला गेलेले. एकदा तास संपला, वर्ग रिकामा झाला, ही पोर बाकावरून उठेना. मंदा दारापर्यंत गेली आणि परत फिरली. काही न विचारता शेजारी बसली. पुढचा तास दुसऱ्याच वर्गाचा, तोसुद्धा ह्या दोघी बसून ऐकत राहिल्या. मग मंदानं आपली शाल तिच्या कमरेला गुंडाळली आणि तिला खोलीवर नेलं. त्या संध्याकाळी विरजणाची वाटी हातात तशीच धरून ती मला म्हणाली, "ताई, ती पोर दीड तास बसून हुती. वर्गात समद्या पोरीच पोरी. पन मागता यीना तिला. मागायचं म्हंजी लई मोठं काम असतंय."

तिथून तो पॅडचा डबा सुरू झाला. डबा माझाच, दिवाळीच्या चिवड्याचा, पत्र्याचा. रेणुकानं त्याच्यावर कागद चिकटवला : 'लागलं तर घे, जमलं तर ठेव.' रेणुका, मंदा आणि त्यांच्या वर्गातल्या आणखी काही मुली मिळून तो चालवायच्या. मुलींच्या खोलीत, आरशाखाली डबा ठेवला. कोणाची परवानगी नको, कपाट नको, किल्ली नको, नाव लिहायला नको. ज्या काळात मेडिकलवाला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालून असा द्यायचा की जणू आपण गावठी कट्टाच विकत घेतोय, त्या काळातली मी. पण देण्यात मी कधी मागे नसते. पहिल्याच आठवड्यात पुडकी नेऊन दिली आणि दिली म्हणून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मुलींनीही ठेवली, मॅडम लोकांनी ठेवली. डबा गच्च भरला.

काही दिवसांनी मंदा तोंड पाडून आली. "ताई, डबा भरलाय."

"मग चांगलंच की!"

"काय चांगलं? भरलाय म्हंजी कुनी घेत न्हाई. ज्या पोरी त्या दिसांत घरी राहत्यात, त्या अजून घरीच हायेत." आणि वरून मॅडम म्हणाल्या होत्या की मुलींना गरज दिसत नाही, संक्रांतीनंतर डबा उचला, तिथे पाण्याचा फिल्टर बसवायचा आहे.

आता इथे माझी अक्कल कामाला आली. मी म्हटलं, मंदे, बाईमाणूस कुठली वस्तू लाजल्याशिवाय घेतं? हळदी-कुंकवाचं वाण! तिथे नको म्हणायचं नसतंच. डब्यातली सगळी पुडकी वाण म्हणून वाटून टाकू, एकदा हातात पडली की लाज मोडेल. रेणुका आणि तिच्या मैत्रिणी हरखल्या. मॅडमनी हॉल दिला. मी माझी चांगली पैठणी नेसून, चांदीची कुयरी घेऊन, प्रमुख पाहुणीच्या थाटात गेले. तिळगूळ, गुलाबपाणी, प्रत्येकीच्या हातात पाकीट. हॉल भरलेला. मी छोटंसं भाषणही केलं. छोटंसं म्हणजे, चहा निवेपर्यंत.

पाकिटं मात्र बरीच उरली. ती घेऊन मी बाहेर आले. व्हरांड्यात मंदा बसली होती. येतानाच म्हणाली होती, "मी बाहेर थांबते, चपला राखते." पण ती एकटी नव्हती. तिच्या आजूबाजूला, भिंतीला टेकून, सात-आठ मुली बसल्या होत्या. मी उत्साहात म्हटलं, "अगं पोरींनो, आत या ना! हळदी-कुंकू चाललंय, बाहेर काय बसलात?" एकीनं ओढणीचा काठ दुमडला, परत उलगडला.

मंदा म्हणाली, "कशा येतील ताई? हळदी-कुंकू हाय ना. ज्यांना लागतंय त्या समद्या हितं हायेत. आत तुमी कुनाला वाटताय?"

मी चांदीची कुयरी हातात धरून उभी. आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद पडला. त्या दिवशी ज्यांची पाळी होती त्या मुली सवयीनं बाहेर राहिल्या होत्या, आणि नवरा नसलेली माझी जाऊही सवयीनं बाहेर राहिली होती. आणि एवढी सगळी रीत मी स्वतःच्या हातानं, पैठणी नेसून, मांडून ठेवली होती.

मग मंदा एकदम हसायला लागली. तिचं हसू खालून वर यायचं, आधी खांदे हलायचे, मग आवाज. मुलीही फिसकन हसल्या. हसता हसताच मंदानं हात पुढे केला. "द्या मला एक."

"तुला? तुला कशाला गं आता?"

"घ्यायला काय कारन लागतं व्हय? कारन लागतं म्हनून तर कुनी घेत न्हाई." तिनं पाकीट घेतलं, उघडलं, आतलं पॅड सगळ्यांना दिसेल असं हातात धरलं आणि सावकाश पर्समध्ये ठेवलं. तिच्या शेजारच्या मुलीनं घेतलं. मग तिच्या शेजारचीनं. मला काहीच बोलावं लागलं नाही.

डबा उचलला गेला नाही. फिल्टर पलीकडच्या भिंतीला लागला. आणि त्यानंतर दर सोमवारी, मधल्या सुट्टीत, खोली मुलींनी भरलेली असताना, पन्नाशीकडे झुकलेली मंदाकाकू डब्याशी जायची, झाकणाचा चांगला आवाज करायची आणि एक पॅड घेऊन पर्समध्ये टाकायची. मी एकदा विचारलं, "इतक्यांचं करतेस काय?"

"परत ठिवते की. मंगळवारी सकाळी, कुनी नसतं तवा."

"मग घेतेस कशाला?"

"पोरी बघत्यात ना ताई."

ती गेली तो सोमवार होता.

दिवस-कार्य आटोपलं. तिचा मुलगा परत चाकणला गेला आणि जाताना मला किल्ली देऊन म्हणाला, "काकू, फ्रिज तेवढा रिकामा करून बंद करा." मी गेले. तिच्या घरात मी फार कमी वेळा जायचे, कायम तीच यायची. फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात झाकण घातलेलं पातेलं. दही. लावून बरेच दिवस झालेलं, आंबट, पिवळसर, पण कवडीसारखं घट्ट, माझ्या हातून कधी लागलं नाही असं. शेजारी तिची ती नेहमीची वाटी, आणि वाटीत ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडून नेलेलं विरजण. जसंच्या तसं. वापरलेलंच नव्हतं.

मी तिच्या ओट्याशी खाली बसले. केव्हापासून येत होती ही वाटी घेऊन? मनाशी जुळवत गेले. सासूबाई असताना नाही. वाटण्या झाल्या तेव्हाही नाही. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली, आणि मी संध्याकाळी उगाच पितळेची भांडी घासत बसायला लागले, त्या पावसाळ्यापासून... लग्नांमध्ये केवढा रंगवला होता मी तो किस्सा! सगळे पोट धरून हसायचे. तीसुद्धा हसायची, खांदे हलवून.

पुढच्या सोमवारी पर्समधलं ते पॅड घेऊन मी कॉलेजात गेले. म्हटलं, तिचं मंगळवारचं काम राहिलंय, ते तरी करू. मधली सुट्टी होती, खोली भरलेली. रेणुकानं मला दारातच पाहिलं. मी डब्याकडे निघाले तर ती हळूच कानाशी म्हणाली, "काकू, आत्ता ठेवू नका. ह्या नव्या मुलींनी अजून कुणाला घेताना पाह्यलंच नाही." मी म्हटलं, "मग तू घे ना." ती म्हणाली, "मी घेतेच. पण तुमच्या वयाचं कोणी घेतलं ना, की मग काही वाटत नाही." खरं सांगते, भरल्या मांडवात वऱ्हाडाला तासभर हसवणारी मी, पण त्या डब्याचं झाकण माझ्या हातानं उघडेना. देताना हात किती सहज वर असतो. मागे वळून पाहिलं, मुली वेण्या घालत होत्या, डबे खात होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या, आणि बघत होत्या. मी झाकण काढलं. आवाज झाला. एक पॅड उचललं, तिच्याच पर्समध्ये ठेवलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन, ती बसायची तिथे जरा टेकले. रेणुका पाणी घेऊन आली. तेही मी घेतलं.

घरी आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. दूध तापवून कोमट झालेलं. अंगणाकडचं दार मी अजूनही ह्या वेळेला उघडं ठेवते. बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. मग मंदाची ती वाटी फळीवरून काढली, पदरानं पुसली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. समोरच्या बाईंचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. कडी वाजवली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार उघडलं.

"विरजण आहे का हो थोडं?" मी वाटी पुढे केली. "आमच्याकडचं दही संपलं."

बाई जरा गोंधळल्या. मग दार पूर्ण उघडत म्हणाल्या, "आहे ना... आहे की. या, आत या."

घरी, माझ्या फ्रिजमध्ये, दह्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.