माझ्या वाट्याची टिकली

"त्या बाई स्वतः कधी टिकली लावत नव्हत्या वो, पण पाकिटंच्या पाकिटं न्यायच्या. आता कोण नेईन?" सेलूच्या बांगड्यांच्या दुकानात मालकीण दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होती. मी शेजारी क्लिपा बघत होते. कोण बाई, हे विचारायची गरज पडली नाही. एवढ्या लाल टिकल्या नेणाऱ्या एकच, आमच्या इंगळे मॅडम. त्या आदल्या रात्री गेल्या, हे मला असं दुसऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. क्लिप परत ठेवून, काही न बोलता मी बाहेर आले. न बोलता बाहेर येणं मला पूर्वीपासून जमतं...

मॅडमनी आयुष्यभर कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्या गावोगावी बायकांच्या बैठका घेत. भिंतीवर गावाचा हातानं काढलेला नकाशा लावायचा आणि प्रत्येकीला एक टिकली द्यायची. जिथं भीती वाटते तिथं ती लावायची, नाव सांगायचं नाही. मी त्यांच्यासोबत जाऊन नोंदी घ्यायचे. एकदा मी 'असुरक्षित वाटते' असं लिहिलं. मॅडमनी वही ओढली. "ती काय म्हणाली?" मी म्हटलं, जीव धाकधूक होते म्हणाली. "मंग तेच लिही ना बाप्पा. तुह्या पुस्तकी भाषेनं तिच्या जिवाले इस्त्री काऊन करावी?" सगळ्या हसल्या. मीही हसले, मान खाली घालून.

आंजीकडच्या एका गावात बैठक सुरू होण्याआधीच एक मोठे शेतकरी दारातून म्हणाले, "याच्यात विचाराचं काय मॅडम, त्या बाहेरच्या बेड्यावरचेच पोट्टे असतीन." बेडा म्हणजे गावाबाहेरची गरिबांची वस्ती. गावात काहीही झालं की बोट तिकडेच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "असतीन तं नकाशा सांगन." संध्याकाळपर्यंत बेड्याच्या वाटेवर एकही टिकली नव्हती. सगळ्या एसटीच्या निवाऱ्यावर दाटल्या होत्या, आणि त्यांतल्या काही बेड्यावरच्या मुलींच्याच होत्या. निवाऱ्याची पाठ दुकानांकडे होती. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नसे. पुढं गावानंच त्या भिंतीत दोन मोठ्या खिडक्या पाडल्या. परतताना मॅडम बसमध्ये म्हणाल्या, "कोणं केलं हे पयले विचारलं का बाई चूप बसते, नाई तं ठरलेलं नाव घेते. कुठं, हे विचारजो. जागा सांगाले कमी भेव लागते."

त्या दिवशी त्यांच्या घरी पोचल्यावर त्यांनी माझ्यापुढं पाकीट धरलं. "अन् तुही?"

"माझं काही नाही मॅडम."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाकिटातून एका टिकलीसकट कागदाचा तुकडा फाडला आणि भिंतीवरच्या वर्धा शहराच्या नकाशाच्या कोपऱ्यात टाचणीनं लावला. "राहू दे इथं. तुही आहे हे."

माझी जागा मला पाठ होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्ध्यात ज्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायचे, त्या क्लासचा जिना. अभ्यास झेपत नाही असं घरी सांगून मी तो सोडला होता. मला वाटलं, विषय संपला. मग या उन्हाळ्यात माझी मामेबहीण मिनू त्याच क्लासला जाऊ लागली. "तिथले सर लय चांगले शिकवतात," असं मामी सगळ्यांना सांगत होती आणि मी चहा ओतत होते.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या घरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी मिनू आणि मामीला घेऊन गेले. बुद्धवंदना झाली, बायका बोलल्या, काही रडल्या. नंतर मी आतल्या खोलीत गेले. नकाशे होते तसेच होते. कोपऱ्यात तो कागदाचा तुकडा, दोन वर्षांत कडा वळलेला. टिकली काढली. डिंक वाळला होता, ती चिकटेना. मी ती अंगठ्यानं दाबून धरली. हात काढला तर पडली असती.

मिनू मागं येऊन उभी राहिली होती. नकाशात डोकावत म्हणाली, "ताई, तिथं काऊन लावून राह्यली? तो तं आमच्या क्लासचा जिना होय."

दारात मामी होती. अंगठा तसाच दाबून ठेवत मी म्हणाले, "हो मिनू, तोच जिना. तिथं तुझ्या सरांनी माझी वाट अडवली होती."