आठ-दोनाची वाटणी

आमचे धाकटे दीर मार्तंड हैदराबादेहून अर्थशास्त्राचे एम.ए. होऊन मुरूमला परतले, त्या वर्षी महाराष्ट्र झाला. जवळच्या कॉलेजात तात्पुरती नेमणूक मिळाली. कायम व्हायचं तर नावावर संशोधन हवं. भाऊजींनी जाहीर केलं, "मी प्रयोग करणार."

"अर्थशास्त्रात प्रयोग?" पेपराआडून नारायणराव, म्हणजे आमचे हे, म्हणाले. "गिऱ्हाईक बेडकासारखं फाडणार की काय?"

गिऱ्हाईक वाचलं. फडशा पडला तो माझ्या शेंगदाण्यांचा.

प्रयोग असा, की दोन माणसं समोरासमोर बसवायची, मध्ये ताटात शेंगदाण्याचे दहा लाडू. एकानं वाटणी करायची, दुसऱ्यानं फक्त 'घेतो' किंवा 'नको' म्हणायचं. 'घेतो' म्हटलं तर वाटणीप्रमाणे दोघांना मिळणार, 'नको' म्हटलं तर दोघांचेही हात रिकामे. पुस्तकातला शहाणा माणूस एक लाडू दिला तरी 'घेतो'च म्हणतो.

पहिल्याच दिवशी पुस्तकाची आणि मुरूमची फारकत झाली. किराणावाल्या महालिंगप्पांनी ताटच्या ताट समोर सरकवलं. "लोकाच्या घरी बसून आपलंच कसं वाढून घ्यावं, मास्तर?" समोरच्या गुरुसिद्धप्पांनी ते परत लोटलं. "तुम्ही वडील माणूस. आधी तुम्ही." ताट इकडून तिकडं फिरत राहिलं. शेवटी भाऊजींनी चहा सांगितला.

मी म्हटलं, "भाऊजी, पाहुण्यांवर शास्त्र चालत नाही. जावा बसवा."

हरणाबाई आणि बानूबाई आमच्याकडं दूध घालायच्या. घर एक, चुली दोन. बानूबाईनं वाटणी केली, आठ आपल्याकडं, दोन जावेकडं. हरणाबाईनं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही.

"नको."

"अहो, दोन तर मिळतायत!" भाऊजी कळवळले.

"म्या काय लाडवासाठी जल्मले न्हाय, मास्तर. हिच्या पदरात आठ पडताना बगत बसू व्हय?"

"मग बस उपाशी!" बानूबाई कडाडली.

"तू बी बस की!"

हरणाबाई रिकाम्या हातानं, पण लग्न जेवून आल्यासारखी खुशीत गेली. भाऊजी तिच्याहून खूश. मग नळदुर्ग, माकणी सगळं पालथं घालून त्यांनी प्रबंध लिहिला: अपमानाची वाटणी माणूस स्वतःचा तोटा सोसूनही मोडतो. शेवटी एक ओळ मनानंच घातली, 'सुशिक्षित मनुष्य मात्र हिताचा विचार करील, यात शंका नाही.'

प्रबंधावर सही करायला त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एस.टी.नं आमच्याकडं आले. पुरणपोळी झाली, लाडू झाले. सुपारी कातरत ते म्हणाले, "काम अपूर्व आहे. परदेशी छापून आणतो. नाव माझं राहील, तुमचे आभार तळटीपेत. तेवढ्यावर तुमची नोकरी कायम करून देणं माझ्याकडं लागलं."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर माझी सही नाही. मग नाव तुमचंही नाही, माझंही नाही."

आमच्या ह्यांनी 'घे' म्हणून भाऊजींना कोपरानं ढोसलं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभीच. भाऊजींनी हातातला लाडू ताटात ठेवला.

"नको."

"अहो, काहीच नसण्यापेक्षा टीप बरी की नाही?" प्राध्यापक खरोखरच चक्रावले होते. "शिकलेले आहात तुम्ही!"

"नको म्हटलं ना, सर."

प्राध्यापक तणतणत एस.टी. गाठायला गेले. बांधून दिलेले लाडूही नेले नाहीत. पुढच्या जूनला नोकरी गेली आणि भाऊजी मुरूमच्या शाळेत पोरांना काळ-काम-वेग शिकवू लागले.

पण त्या दुपारी ते ओसरीवर मान ताठ करून बसले होते, थेट हरणाबाईच. जरा वेळानं म्हणाले, "वहिनी, प्रबंधातली शेवटची ओळ चुकली. खोडायला हवी."

"खोडा की. पण आता वाचणार कोण?"

"ते खरंच," म्हणाले, आणि पट्टी लावून नीट खोडली.