काकींचं नाव लावू देणार नाही

मंदाकाकींचं तेरावं व्हायच्या आत अभ्यासिकेचं कुलूप बदललंय.

काकी आमच्या वॉर्डच्या नगरसेविका. मागच्या सोमवारी वारल्या.

सीट लेडीज रिझर्व्ह झाली म्हणून घरच्यांनी त्यांना उभं केलं होतं. कारभार दीर बघणार, हे आधीच ठरलेलं.

पहिल्या मीटिंगला दीर गाडी काढून तयार. "वहिनी, तुमी फक्त सही करा. बाकी आमी बघतो."

"आवं भावजी, मग फ्लेक्सवर फोटू बी तुमचाच लावायचा की! साडी नेसून."

आणि काकी एकट्या रिक्षानं गेल्या.

कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये पार्किंग होणार होतं. काकींनी भांडून तिथं अभ्यासिका बांधून घेतली. मुलींच्या वेगळ्या बाथरूमला सभेत नकार आला, तेव्हा उभ्या राहून म्हणाल्या, "पोरी पाणी न पिता अभ्यास करत्यात. तुमाला काय कळणार?"

बाथरूम झालं.

आमच्या घरात टीव्ही कधी बंद व्हायचा नाही. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. या अभ्यासिकेमुळे.

उद्घाटनाआधी कोनशिला बसवायला माणूस आला. काकींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मी विचारलं, "काकी, नाव नको?"

"नाव लावलं की ती माझी हुईल, पोरी. मग माझ्यामागं माझ्या घरचे मालक. बिननावाची ऱ्हाऊ दे. सगळ्यांची ऱ्हाईल."

आज दिरांनी तिथं फ्लेक्स लावलाय.
'कै. मंदाकिनीताई स्मृती जनसंपर्क कार्यालय.'
उद्या सकाळी उद्घाटन. इलेक्शन जवळ आलंय, हे सांगायला नको.

मी त्यांना जाऊन भेटले. "काका, मुली बसणार कुठं?"

"अगं, वहिनींचंच नाव देतोय की! तुला अभिमान न्हाई व्हय?"

"आहे. म्हणूनच आले."

"लय शिकलीस."

हो काका. तिथंच शिकले.

उद्या सकाळी आम्ही सगळ्या मुली पुस्तकं घेऊन अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर बसणार आहोत. फीत कापायची तर आमच्यातून वाट काढावी लागेल.

काकींसाठी काही करावंसं वाटत असेल, तर हार आणू नका. आपापल्या मुलीला घेऊन या.

काकी, जिवंतपणी तुम्ही कुणाच्या मागं उभ्या राहिला नाहीत. आता तुमच्या फोटोमागं कुणाला लपू देणार नाही.

रडायचं राहिलंय. ते नंतर.

निघा तुम्ही निवांत. आम्ही आहोत.