हाकालियाच्या घरची वाटणी

हाकालियाचा आवाज मोठा आणि प्रार्थना त्याहून मोठी. प्रशांत महासागरातल्या तोकेलाऊ बेटांवरच्या एका गावात सायंप्रार्थनेचा शंख वाजला की घरोघरची माणसं चार शब्द देवाला सांगून जेवायला बसत. हाकालियाच्या घरी मात्र मासा पार गार होऊन जाई. बायको लेपेका म्हणायची, "देव बहिरा नाही रे, आटप आता." तो चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीचा मदतनीस होता आणि आपल्यासारखा सरळ माणूस गावात शोधून सापडणार नाही, हे स्वतःच लोकांना सांगत फिरायचा. आता काय बोलावं!

त्या वर्षी गावाने दक्षिणेकडच्या खडकावर बंदी घातली होती. शिंपले वाढू द्यायचे, मग एक दिवस खडक उघडायचा आणि मिळेल ते घराघरांत सारखं वाटायचं, अशी तिथली रीत. नेमकी तेव्हाच हाकालियाची लेक लुइसा किती वर्षांनी न्यूझीलंडहून बोटीने आली. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, तिकडे सगळं मिळतं, पण आपले शिंपले नाही मिळत." झालं, बापाचं काळीज ते! दुपारी सगळं गाव गाण्याच्या तालमीला गेलेलं बघून याने होडी काढली आणि बंदीच्या खडकावरून शिंपले आणले. लेकीला सांगितलं, पलीकडच्या बेटावरचे आहेत. लेक पोटभर जेवली. रिकामे शिंपले याने किनाऱ्यावरच्या डुकरांच्या कुंपणामागे फेकले. डुकरं कोणाची, याचा विचारही केला नाही.

डुकरं फेलेतीची होती. फेलेती म्हणजे होडीतला हाकालियाचा जुना जोडीदार. फेलेतीने तरुणपणी एकदा बंदी मोडली होती, त्यामुळे शिंपले सापडल्यावर कोणी दुसरीकडे बघितलंच नाही. तो नाही नाही म्हणत राहिला. गावच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, ज्याने खडकाला हात लावला त्याच्या घराला खडक उघडेल त्या दिवशी वाटणी नाही, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या नावाने भाकर वाटतात तेव्हा, त्याने मागच्या बाकावर बसायचं, भाकर मिळणार नाही. त्या बैठकीत हाकालियाही होता. सगळ्यांबरोबर त्यानेही मान हलवली.

त्यानंतर त्याची प्रार्थना आखूड झाली. क्षमेच्या वाक्यापाशी आला की खोकायचा आणि आमेन म्हणून मोकळा व्हायचा.

"हल्ली मासा गरम खायला मिळतोय," लेपेका म्हणाली. "बरं वाटत नाही का तुला?"

"काही नाही झालं मला," तो म्हणाला आणि ताट सारून उठला.

प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट त्याच्याच हातात होतं. एकेक रांग करत तो मागच्या बाकापाशी आला. इथून नुसतं वळायचं होतं. फेलेती त्याच्याकडे बघतही नव्हता, ताटाकडे बघत होता. हाकालियाचे पाय काही वळेनात.

"शिंपले मी काढले," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल," पुढून म्हातारा इओपू म्हणाला. गावातला सगळ्यात वडील तोच, आणि कानाने अधू.

"शिंपले मी काढले, इओपूबाबा. फेलेतीने नाही. आणि बैठकीत मी गप्प बसलो."

त्याने ताट शेजारच्याच्या हातात दिलं आणि मागच्या बाकावर बसला. फेलेती उठला आणि पुढे जाऊन बसला. लाजेने हाकालियाचं तोंड वर होईना. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि घरी जाताना किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला. फेलेती डुकरांना नारळ घालत होता.

"माझी पोरं माझ्याशी बोलत नव्हती. माहीत आहे तुला?"

"माहीत आहे."

"मग आज जा तू. आज मला तुझं तोंड बघवत नाही."

हाकालिया निघून आला. बरोबरच होतं त्याचं.

खडक उघडला त्या दिवशी हाकालिया घराबाहेर पडला नाही. किनाऱ्यावर एकेका घराचं नाव पुकारलं जात होतं. एका घराने वाटणी उचलल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत.

"हाकालियाचं घर," इओपूचा आवाज आला.

"तुला बोलावतायत," लेपेका म्हणाली.

"म्हाताऱ्याचं चुकलं असेल."

पुन्हा नाव आलं. मग फेलेतीचा आवाज आला, "अरे हाकालिया, ऊन चढलंय, सगळं गाव खोळंबलंय. येतोस की उचलून आणू?"

तो गेला. सगळ्यांना होती तेवढीच वाटणी त्याच्याही नावाने मांडलेली होती.

"पण तुम्हीच ठरवलं होतं, बाबा," तो इओपूला म्हणाला.

"ठरवलं होतं. काल हा फेलेती बैठकीत येऊन बसला. म्हणाला, हाकालियाचं घर वगळणार असाल तर माझंही वगळा. आता आम्ही किती घरं वगळायची?"

हाकालिया गुडघ्यांवर बसून शिंपले टोपलीत भरू लागला आणि डोळ्यांतलं पाणी टोपलीतच पडलं.

फेलेती खाली वाकला आणि टोपलीची एक बाजू धरली.

"चल, घरापर्यंत येतो," तो म्हणाला. "आणि या वेळी रिकामे शिंपले आपल्याच दारात टाक."